निर्मळ पाण्याची भूक

ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता, त्यांना या लेखाचा निम्मा विषय समजावून सांगावा लागणार नाही. विहिरीचे पाणी तापवणाऱ्या बंबाच्या मधल्या नळीवर वर्षा-दोन वर्षांत पांढरट, खरखरीत थर चढतो. मग तेवढेच पाणी तापायला जास्त लाकूड लागते, आणि एक दिवस तांबटाकडे नेऊन तो थर ठोकून पाडून घ्यावा लागतो. घरात त्याला 'क्षार' म्हणतात. ज्या पाण्याने तो बसतो त्याला बोलताना 'जड' पाणी म्हणतात आणि शाळेच्या पुस्तकात 'दुष्फेन'. त्यात साबणाला फेस येत नाही आणि तुरीची डाळ शिजता शिजत नाही.

उरलेला निम्मा विषय बंबात दिसत नाही, कारण तांबे लोखंडासारखे गंजत नाही. बॉयलर मात्र लोखंडाचा असतो. वाफेचे युग आले तेव्हापासून बॉयलर चालवणाऱ्याला दोन शत्रूंशी एकाच वेळी सामना करावा लागला: आतून बसणारा क्षार आणि आतूनच खाणारा गंज. गेल्या दोनशे वर्षांतली ही झुंज म्हणजे पाणी अधिकाधिक शुद्ध करत जाण्याची कहाणी, असे सहसा मांडले जाते. जुने अहवाल आणि हस्तपुस्तके चाळताना मला ती तशी दिसत नाही. क्षार शत्रू होता खरा, पण नकळत तो लोखंडाचे चिलखतही झाला होता. तो काढला आणि पाणी थेट लोखंडाला भिडले. पुढची प्रत्येक पायरी आधीच्या उपायातून निघालेल्या नव्या दुखण्यावरची आहे, आणि त्या दुखण्यांची किंमत बहुतेक वेळा बॉयलरच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसांनी मोजली.

आधी क्षाराबद्दल. जमिनीतून झिरपताना पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन थोडेसे आम्लधर्मी होते आणि खडकातले कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून घेते. पाणी तापले की तो वायू निघून जातो आणि विरघळलेला चुना खडूच्या रूपात खाली बसतो. हा थर तसा मऊ. खरा त्रास जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, जिप्सम उलट कमी विरघळते. त्यामुळे बॉयलरमध्ये जी जागा सर्वांत तापलेली, तिथेच ते दगडासारखे चिकटते. सिलिका असेल तर थर काचेसारखा टणक होतो. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणाऱ्या विहिरींच्या पाण्यात तीही बऱ्यापैकी असते. मुंबईच्या गिरण्यांना विहार आणि तानसा तलावांचे मऊ पावसाचे पाणी मिळाले, ते सुख देशावरच्या इंजिनांच्या नशिबी नव्हते.

भट्टीच्या ज्वाळेपुढे बॉयलरचा पत्रा टिकतो तो केवळ पलीकडचे पाणी त्याची उष्णता सतत ओढून नेते म्हणून. मध्ये क्षाराची गोधडी आली की उष्णता अडते, पत्रा लाल होतो, मऊ पडतो, फुगतो आणि फुटतो. फुटला की आतले दाबाखालचे पाणी क्षणात वाफ होऊ लागते, आणि उघड्यावर वाफेला पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा लागते. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलरचा असा भीषण स्फोट होऊन अनेक माणसे गेली. त्यातून १८६४ चा बंगालचा कायदा आला. बॉयलरच्या तपासणीची सक्ती करणारा हा हिंदुस्थानातला पहिला कायदा, तोही फक्त कलकत्ता शहर आणि उपनगरांपुरता. पुढे प्रांतोप्रांती वेगवेगळे कायदे झाले. त्यांचा गुंता सोडवायला १९२० मध्ये समिती नेमली गेली आणि १९२३ चा इंडियन बॉयलर्स अ‍ॅक्ट १ जानेवारी १९२४ पासून लागू झाला. अपघातानंतर पहिले बोट जाई ते फायरमनकडे: पाण्याची पातळी खाली गेली, याचे लक्ष नव्हते. पाण्यात काय होते, हा प्रश्न बऱ्याच उशिरा विचारला जाऊ लागला.

फायरमन मंडळींना मात्र तो प्रश्न आधीपासून माहीत होता आणि त्यांनी आपापली उत्तरे शोधली होती. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध म्हणजे बटाटे. कामगारांनी बॉयलरमध्ये बटाटे उकडायला टाकले, ते आत विसरले, आणि बॉयलर उघडला तेव्हा क्षार चिकटलेलाच नव्हता, अशी कथा एकोणिसाव्या शतकातल्या लिखाणात वारंवार भेटते. कथा खरी असो वा नसो, उपाय खरा होता. बटाट्याचा स्टार्च क्षाराच्या कणांवर लेप धरतो, ते एकमेकांना आणि पत्र्याला चिकटत नाहीत आणि चिखल होऊन तळाशी राहतात. तोच चिखल झडप उघडून बाहेर सोडायचा, ज्याला आजही कारखान्यात 'ब्लोडाऊन' म्हणतात. बटाट्याच्या जोडीला मळी, ओकची साल, लाकडाचा भुसा, आणि चक्क कात. विड्यातला कात युरोपात रंगकामासाठी आणि चामडे कमावण्यासाठी जात होता, तोच बॉयलरमध्येही पडला.

कात आणि ओकची साल यांतले समान द्रव्य म्हणजे टॅनिन. हिरड्यातही तेच. हिरड्याच्या पाण्यात लोखंड पडले की काळी शाई होते, हे आपल्याकडे पोथ्या लिहिणाऱ्यांना ठाऊक होते. बॉयलरमध्ये टॅनिन दोन कामे करते: क्षाराचा चिखल करते आणि पाण्यातला प्राणवायू शोषून लोखंडावर त्या शाईचाच पातळ काळा लेप चढवते. म्हणजे कात टाकणाऱ्या अनामिक माणसाने दोन्ही शत्रूंवर एकच औषध दिले होते. दुर्दैवाने या घरगुती उपायांच्या पाठोपाठ गुप्त नुस्ख्यांचा बाजार सुरू झाला. पुडीत काय आहे ते न सांगता 'क्षारनाशक' विकणारे विक्रेते गिरण्यांच्या दारोदार फिरू लागले. पाणी कोणते आणि पुडी कोणती याचा मेळ कुणी पाहत नसे, आणि रसायनशास्त्रज्ञांनी जुन्या उपायांनाही त्याच पंक्तीला बसवून सगळ्यांचीच टर उडवली.

शास्त्रशुद्ध म्हणता येईल असा पहिला मोठा उपाय अ‍ॅबर्डीनच्या मारिशल कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांचा. १८४१ मध्ये त्यांनी पेटंट घेतले ते पाण्यात चुना घालून पाण्यातला चुना काढण्याचे. ऐकायला हा कुणीतरी चुना लावण्याचाच प्रकार वाटतो. पण पाण्यात चुना विरघळून राहतो तो कार्बन डायऑक्साइडच्या आधाराने. वरून घातलेली चुन्याची निवळी तो आधारच काढून घेते आणि जुना-नवा सगळा चुना खडू होऊन तळाशी बसतो. जिप्समसाठी पुढे चुन्याबरोबर धुण्याचा सोडा घालू लागले. पाण्याचा जडपणा साबणाच्या द्रावणाने मोजण्याची क्लार्क यांची रीतही रूढ झाली. आता पाणी बॉयलरमध्ये शिरण्याआधीच मऊ करता येऊ लागले.

याच सुमारास समुद्रावर दुसरेच नाट्य चालले होते. १८३० च्या मार्चमध्ये मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मुंबईहून सुएझला निघाली. त्या काळच्या आगबोटींचे बॉयलर समुद्राच्याच पाण्यावर चालत. शंभर किलो समुद्राच्या पाण्यात साडेतीन किलो क्षार. पाणी वाफ होऊन जाई, क्षार मागे राही, म्हणून दर काही तासांनी बॉयलरमधले खारट गरम पाणी समुद्रात सोडून नवे घ्यावे लागे. त्याच्याबरोबर कोळशाची उष्णताही समुद्रात जाई. सॅम्युअल हॉल यांनी १८३४ मध्ये यावर युक्ती पेटंट केली. वाफ थंड करताना तिच्यात समुद्राचे पाणी मिसळायचे नाही, मध्ये नळ्यांची भिंत ठेवायची. थंड झालेली वाफ म्हणजे ऊर्ध्वपातित पाणी, तेच पुन्हा बॉयलरला द्यायचे. ही युक्ती सर्वत्र रुळायला १८६० चे दशक उजाडले. वाफेचा दाब वाढत गेला तसा दुसरा मार्गही उरला नाही, कारण वाढत्या तापमानाला समुद्राच्या पाण्यातले जिप्सम जवळजवळ पूर्णच बाहेर पडते.

आता बॉयलरला क्षार नाही, आता तो जास्त टिकणार, अशी सर्वांची अपेक्षा. झाले उलटे. खाऱ्या पाण्यावर वर्षानुवर्षे चाललेल्या बॉयलरांच्या जागी आलेले नवे बॉयलर शुद्ध पाण्यावर भराभर कुरतडले जाऊ लागले. पत्र्यांना खड्डे पडले, नळ्यांना भोके पडली. १८७४ मध्ये ब्रिटिश नौदलाला यासाठी खास समिती बसवावी लागली.

दोष अनेक होते. त्यांतला एक मला फार बोलका वाटतो. इंजिनाच्या सिलिंडरला वंगण म्हणून जनावरांची चरबी वापरत. पूर्वी ती वाफेबरोबर थंड होऊन बहुतांशी समुद्रात जाई. आता पाणी फिरून फिरून तेच, म्हणून चरबीही बॉयलरमध्ये येऊ लागली. तिथल्या उष्णतेत तिचे ग्लिसरिन आणि मेदाम्ल असे तुकडे होतात. साबण करताना आपण हेच घडवतो, फक्त तिथे कॉस्टिक असते, ते आम्लाला धरून ठेवते. इथे ते नव्हते, म्हणून आम्ल लोखंडाला लागले. जुन्या पाण्यातल्या चुन्याने ते तिथल्या तिथे निष्प्रभ केले असते. म्हणजे चरबी, हवा आणि आम्ल यांच्यापासून लोखंडाला वाचवणारा पहारेकरी स्वच्छतेच्या नावाखाली कामावरून काढला गेला होता. मग खनिज तेलाचे वंगण आले, बॉयलरमध्ये जस्ताच्या लाद्या टांगल्या गेल्या, म्हणजे गंज आधी जस्ताला खाईल. आणि काही इंजिनिअर नव्या बॉयलरमध्ये सुरुवातीला मुद्दाम थोडे समुद्राचे पाणी घेऊन पातळसा क्षार बसू देत आणि मग शुद्ध पाणी सुरू करीत. ज्या क्षाराला घालवायला चाळीस वर्षे खर्ची पडली, त्यालाच बोलावणे पाठवल्यासारखे हे होते.

जमिनीवर, मऊ केलेल्या पाण्याने आणखी वेगळा घात केला. सोडा घातलेले किंवा मुळातच सोडियम बायकार्बोनेट असलेले पाणी बॉयलरमध्ये तापले की त्यातून कॉस्टिक सोडा तयार होतो. थोडा असेल तर चांगलाच, आम्ल मारतो. पण त्या काळचे बॉयलर रिव्हेट मारून जोडलेले. दोन पत्र्यांच्या फटीत पाणी झिरपे, तिथे आटे, आणि कॉस्टिक शेकडो पटींनी घट्ट होई. ताणाखाली असलेल्या पोलादाच्या कणाकणांच्या सांध्यांत तो शिरला की पोलाद काचेसारखे तडकते. वरून पत्रा नवाकोरा दिसावा आणि हातोडी लागताच रिव्हेटचे डोके उडावे, असा हा प्रकार. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या परिसरातल्या विहिरींचे पाणी अगदी याच जातीचे. तिथल्या सॅम्युअल पार यांनी १९१७ मध्ये कॉस्टिकमुळे पोलाद ठिसूळ होते हे दाखवून दिले आणि पुढे फ्रेडरिक स्ट्राउब यांच्या साथीने १९२० च्या दशकात त्याचा पाठपुरावा केला. पाण्यात सल्फेटचे ठरावीक प्रमाण राखावे असा त्यांचा इलाज होता. ज्या सल्फेटमुळे दगडासारखा क्षार बसतो त्याच घराण्यातले हे द्रव्य. नंतरच्या प्रयोगांत त्याचा भरवसा कमी ठरला, नायट्रेट अधिक उपयोगी पडले, आणि बॉयलर रिव्हेटऐवजी वेल्डिंगने जोडले जाऊ लागले तेव्हा फटीच संपल्या.

या सगळ्या इतिहासात माझा आवडता माणूस फ्रान्सचा लुई आर्मां. हा मूळचा खाण-अभियंता. नोकरीच्या सुरुवातीला त्याने ओव्हेर्न भागातल्या औषधी झऱ्यांच्या पाण्याचा अभ्यास केला. १९३४ मध्ये तो रेल्वेत आला. रेल्वेची पाण्याची अडचण कारखान्यापेक्षा बिकट, कारण इंजिन दर काही मैलांवर वेगळ्या गावचे पाणी पिते. एका स्टेशनावर मऊ, पुढच्यावर जड. प्रत्येक विहिरीवर शुद्धीकरण यंत्र बसवणे परवडणारे नव्हते. इंजिन आठवडा-दोन आठवड्यांनी शेडमध्ये थंड करून धुवावे लागे. आर्मांने प्रश्न उलटा केला: पाणी बॉयलरच्या बाहेर शुद्ध करत बसण्यापेक्षा बॉयलरलाच भांडे समजून सगळी प्रक्रिया त्याच्या पोटात होऊ द्यावी. सोडा, टॅनिन आणि फेस मारणारे द्रव्य टाकून पाणी मुद्दाम अल्कधर्मी आणि दाट ठेवायचे. क्षार येईल तो चिखल होऊन तरंगेल, ब्लोडाऊनने जाईल, आणि लोखंडावर टॅनिनचा लेप राहील.

त्याच्या नावाने 'टीआयए' म्हणून ही पद्धत ओळखली जाते. बॉयलर धुण्याच्या दोन वेळांमधले अंतर तिने कितीतरी वाढवले, आणि ब्रिटनमध्ये बुलीड यांच्या पोलादी भट्टीच्या इंजिनांतही ती वापरली गेली. मधल्या काळात आर्मांने जर्मन अंमलाखाली रेल्वे कामगारांच्या प्रतिकार संघटनेचे नेतृत्व केले आणि १९४४ मध्ये अटकही सोसली. पुढे तो फ्रेंच रेल्वेचा प्रमुख झाला, युरॅटमचा पहिला अध्यक्ष झाला आणि फ्रेंच अकादमीत निवडून गेला. तिथे पोचलेल्या माणसाची पहिली मोठी कमाई बॉयलरमधला गढूळ काढा होती, याची मला गंमत वाटते. ज्या टॅनिनची शतकभर टर उडवली गेली, ते त्याने वजनमापासह परत आणले. त्याचेच सूत्र पुढे अर्जेंटिनाच्या लिव्हिओ दान्ते पोर्ता यांनी आणखी ताणले.

आपल्याकडे हा सगळा इतिहास आजही एका जागी जिवंत पाहायला मिळतो, तो साखर कारखान्यात. दसरा-दिवाळीच्या सुमारास वर्तमानपत्रांत 'बॉयलर अग्निप्रदीपन' समारंभाचे फोटो येतात. उसात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. रस आटवताना त्याची वाफ होते, ती थंड झाली की कंडेन्सेट, म्हणजे जवळजवळ ऊर्ध्वपातित पाणी. त्यातले चांगले पाणी बॉयलरला जाते. जळण उसाच्या चिपाडाचे आणि पाणीही बरेचसे उसातलेच. धोका मात्र आगबोटीच्या चरबीसारखाच आहे. आटवण्याच्या भांड्यातली एखादी नळी गळली किंवा रस फेसाळून वाफेबरोबर उडाला, तर साखर बॉयलरमध्ये येते. तिथे तिची सेंद्रिय आम्ले होतात, पाणी तपकिरी होऊन फेसाळते आणि लोखंड खाल्ले जाते.

म्हणून प्रयोगशाळेतला मुलगा रात्रपाळीलाही ठरल्या वेळी कंडेन्सेटचा नमुना घेतो. परीक्षानळीत अल्फा-नॅफ्थॉलचे दोन-चार थेंब टाकतो आणि नळी तिरकी धरून कडेने जहाल सल्फ्युरिक अ‍ॅसिड सोडतो. दोन थरांच्या मध्ये जांभळे कडे उमटले की साखर आली. लाख भागांत एखादा भाग असली तरी ते कडे दिसते. मग ते पाणी बॉयलरकडून वळवायचे, त्यासाठी कुणाला झोपेतून उठवावे लागले तरी. हंगाम संपल्यावर बॉयलर उघडतात तेव्हा जुने फायरमन आत बॅटरी मारून नुसत्या रंगावरून हंगाम कसा गेला ते सांगतात: लाल दिसला तर हवा शिरली, करडा-काळा आणि सायीसारखा दिसला तर पाणी नीट राखले. ही त्यांची विद्या मी कुठल्या पुस्तकात इतक्या थोडक्यात वाचलेली नाही.

त्या काळ्या सायीचे नाव मॅग्नेटाइट. गरम, किंचित अल्कधर्मी पाण्यात लोखंड स्वतःच ती आपल्या अंगावर धरते आणि तीच त्याला वाचवते. विसाव्या शतकातले बॉयलरचे रसायनशास्त्र बरेचसे ही साय शाबूत ठेवण्याचे शास्त्र आहे. क्षाराचा प्रश्न दरम्यान मातीने सोडवला. यॉर्कशरचे शेतकरी एच. एस. थॉम्पसन आणि रसायनज्ञ जे. टी. वे यांनी १८५० मध्ये दाखवले की माती अमोनिया धरून ठेवते आणि बदल्यात चुना सोडते. खताच्या शोधात सापडलेली ही अदलाबदल १९०५ मध्ये बर्लिनच्या रॉबर्ट गान्स यांनी पाणी मऊ करायला वापरली आणि १९३५ मध्ये इंग्लंडमधल्या अ‍ॅडम्स व होम्स यांनी त्यासाठी कृत्रिम रेझिन बनवले. ग्रामोफोनच्या फुटक्या तबकड्यांच्या चुऱ्यापासून त्यांना हे सुचले असे सांगतात. सोसायटीच्या गच्चीवर मिठाच्या गोण्या रिचवणारा सॉफ्टनर याच वंशातला. रेझिनमुळे पाण्यातला शेवटचा क्षारही काढता येऊ लागला, आणि प्राणवायू घालवायला डिएरेटर आणि सल्फाइट, हायड्रॅझिनसारखी रसायने आली. विजेच्या केंद्रांत पाणी इतके निर्मळ झाले की त्यातला प्राणवायू अब्जांशांत मोजावा लागतो.

आणि मग जुनी गोष्ट नव्या जागी घडली. अतिशुद्ध, प्राणवायू पूर्ण काढलेले गरम पाणी वेगाने वाहत असेल तर ते मॅग्नेटाइटची साय हळूहळू विरघळवत नेते. वळणावर आणि अरुंद जागेपुढे सर्वांत जास्त. लोखंड नवी साय धरते, तीही वाहून जाते. गंजाचा लाल डाग नाही, खड्डा नाही, भिंत आतून एकसारखी पातळ होत जाते. ९ डिसेंबर १९८६ रोजी अमेरिकेत व्हर्जिनियातल्या सरी अणुकेंद्रात बॉयलरला पाणी नेणारी नळी अशीच फुटली आणि चार कामगार गेले. त्याआधीच जर्मनीतल्या काही वीजकेंद्रांनी १९७० च्या दशकात उलटी वाट धरली होती. पाणी पुरेसे निर्मळ असेल तर त्यात प्राणवायू मुद्दाम सोडायचा, अब्ज भागांत तीस ते दीडशे भाग, म्हणजे सायीवर आणखी घट्ट, न विरघळणारा थर बसतो. शंभर वर्षे ज्याला हुसकावले त्याला मोजूनमापून परत घेणारी ही पद्धत आज मोठ्या दाबाच्या अनेक औष्णिक केंद्रांत चालते.

सगळीकडे ती चालत नाही, आणि जिथे चालत नाही तिथे नळ्यांची जाडी मोजत राहणे एवढाच उपाय आहे. ९ ऑगस्ट २००४ रोजी जपानमधल्या मिहामा केंद्रात तिसऱ्या संचाची तपासणी व्हायची होती. त्यासाठी कंत्राटदाराचे कामगार टर्बाइनच्या इमारतीत सामान मांडत होते. त्यांच्या डोक्यावरची नळी फुटली आणि सुमारे १४० अंशांचे पाणी वाफ होत कोसळले. पाच जण गेले. किरणोत्सर्गाचा त्यात काही संबंध नव्हता, ते साधे बॉयलरच्या फेऱ्यातले पाणी होते. ती जागा १९७६ मध्ये संच सुरू झाल्यापासून एकदाही मोजली गेलेली नव्हती. बसवली तेव्हा भिंत १० मिलिमीटर जाड होती. त्या दिवशी सर्वांत पातळ ठिकाणी ती ०.४ मिलिमीटर उरली होती.